सागाखालची बंद कळी

सौंसरच्या शाळेत मी जीवशास्त्र शिकवते आणि सुटी मिळाली की लोधीखेड्याकडच्या जंगलात झाडं पाहत हिंडते. तीन वर्षांपूर्वी भादव्यात तिथं सागाखाली जमिनीतून उगवणारी आमरी, म्हणजे ऑर्किड, दिसली. एकच रोप, शेंड्यावर एकच बंद कळी. नागपूरच्या एका जाणकार बाईंना फोटो पाठवला. त्या म्हणाल्या, "आपल्या भागात ही पाहिल्याचं मला तरी आठवत नाही. पण कळीवरून नाव लागत नाही. उमलली की समोरून फोटो काढा." झालं! माझं दुसऱ्या कशात लक्षच लागेना.

त्या दिवसापासून मला तिथला बकऱ्या चारणारा खटकायला लागला. मी वाकले की हा मागे हजर.

"मॅडम, काय पाहून राहिल्या एवढं?"

"काही नाही, मुंग्या."

"मुंग्या पाहाले सौंसरहून येता?" आणि दात काढून हसला.

मेल्याला काय करायचं होतं? औषधाला विकायला मुसळीचे कंद खणणारे याच्याच गावचे. पावसाळ्यात रोपाजवळ खूण करून ठेवायची आणि पानं वाळली की खुणेवरून कंद काढायचा, ही त्यांची रीत मला पक्की ठाऊक होती. म्हटलं, इथं नक्की काहीतरी पाणी मुरून राहिलं आहे.

गुरुवारी शाळा सुटल्यावर गेले. कळी चांगली फुगली होती, आणि भोवती बोरीच्या चार-पाच काट्या टाकलेल्या. माझं डोकंच सणकलं. केली ना याने खूण! एकेक काटी उचलून नाल्यात भिरकावली. बोटांतून रक्त आलं, तरी बरं वाटलं. आता शोध बेट्या!

रविवारी सकाळी कॅमेरा घेऊन गेले, तर बोटभर थोटूक उरलेलं आणि आजूबाजूला लेंड्याच लेंड्या. मी तिथंच मटकन बसले. त्यानंतर दोन पावसाळे गेले, तिथं पुन्हा काही उगवलं नाही, आणि त्या फुलाचं नावही कधी लागलं नाही.

त्या सकाळी मला बसलेलं पाहून बकऱ्यावाला धावत आला. थोटूक दिसल्यावर त्याचा चेहरा उतरला.

"अरे बाप रे! तुमाले आवडते म्हणून मीच काट्या लावल्या होत्या, मॅडम. काट्या हायेत म्हणून बकऱ्याइकडे ध्यान नाही देल्लं. कोनं फेकल्या असतीन बा?"

मी ओरखडलेली बोटं ओढणीत लपवली. "मुसळीवाले असतील," मी म्हटलं.

"नाही, चुकलं माह्यंच. माफ करा, मॅडम." त्याने चक्क हात जोडले.

आणि मी निर्लज्जासारखी म्हणाले, "जाऊ द्या भाऊ, केलं माफ."