डाव्या हाताची शाई

आमच्या गाईड कॅप्टनबाईंच्या गळ्यात मंगळसूत्राशेजारी काळ्या दोरीतली शिट्टी असायची, आणि ती त्या लग्नकार्यातही काढत नसत. पंगतीत वाढप्यांचा गोंधळ उडाला की बाई शिट्टी मारायच्या आणि अख्खी पंगत दचकून सरळ बसायची. अड्याळच्या आमच्या शाळेत त्या शिवणकाम शिकवत. खरं नाव हजेरीपटावर होतं म्हणे. गावात त्या शिट्टीबाईच.

त्यांचा एक प्रश्न ठरलेला. तुम्ही वही पुढे केलीत, प्रमाणपत्र दाखवलंत, अगदी घरची खीर नेऊन दिलीत, तरी बाई आधी विचारणार, "केलं का नुसतं लिवलं वं?" खिरीत लिहिण्यासारखं काय असतं, हे विचारायची कोणाची छाती नव्हती. मला तर त्या प्रश्नाचा भयंकर राग यायचा. मी वर्गात पहिली येणारी, माझं अक्षर मोत्यासारखं, आणि ही बाई माझ्याकडे चोर असल्यासारखी बघते काय!

जुन्या मुलींची शिष्यवृत्ती हा बाईंचाच उद्योग. गाईडमधून बाहेर पडून नोकरीला, संसाराला लागलेल्या मुलींकडून त्या पैसे मागवत आणि राष्ट्रपती गाईडची परीक्षा पास होणाऱ्या मुलीला त्यातून भंडाऱ्याच्या वसतिगृहात ठेवून कॉलेजात घालत. मागण्याची रीत मात्र जगावेगळी. गाईडमध्ये 'खरी कमाई' नावाची गोष्ट असते, म्हणजे स्वतःच्या हातांनी काम करून मिळवलेला पैसा. शिष्यवृत्तीला तेवढाच चालायचा. मनीऑर्डरच्या कूपनवर काय काम केलं ते लिहिलेलं नसलं, की बाई ती पोस्टमनच्या हातीच परत धाडायच्या, आणि मागून पोस्टकार्ड: 'पैसे कशाचे?' तुमसरच्या एका राइस मिलवाल्याची सून आमच्या शाळेची जुनी गाईड. तिनं भलीमोठी रक्कम पाठवली, तीही परत गेली. मुख्याध्यापकांनी कपाळाला हात लावला. "अहो बाई, दारात आलेली लक्ष्मी!" बाई म्हणाल्या, "सर, ती तिच्या सासऱ्याची लक्ष्मी. पोरीनं काय केलं?" महिनाभरानं त्या सुनेची दुसरी मनीऑर्डर आली, पहिलीच्या पासंगालाही न पुरणारी. कूपनवर लिहिलं होतं, 'शेजारच्या दोन मुलींना भरतकाम शिकवलं.' बाईंनी ते कूपन वर्गात मोठ्यानं वाचून दाखवलं.

मला ती शिष्यवृत्ती हवी होती. हवी म्हणजे काय, जीव अडकला होता तिच्यात. बाबांनी स्पष्ट सांगितलं होतं, "धानावर घर चालते बेटा, चार लेकरांचं कॉलेज नाही चालत. बाहेरून सोय झाली तर जाय भंडाऱ्याले. नाही तर ते शहापूरचं स्थळ आलंच आहे, हो म्हणून टाकतो." बाबा रागानं बोलले असते तर मी भांडले असते. ते खरं बोलत होते, म्हणून भांडायचीही सोय नव्हती.

परीक्षेच्या फॉर्मसोबत लॉगबुक पाठवावं लागे. कोणती कामं केली त्याची ती वही. माझ्या वहीत एकच काम उरलं होतं. तीन निरक्षर बायांना सही शिकवायची आणि त्यांच्या सह्या त्या पानावर घ्यायच्या. तलावाकाठच्या ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या, वस्तीत दोघी शिकल्या. तिसरी सकूमावशी. तिच्याकडे मी चार-पाच खेपा घातल्या आणि कंटाळले, खरं तेच सांगते. तिचं जाळं विणून संपत नव्हतं आणि माझा धीर संपला होता. फॉर्म जायच्या आदल्या दिवशी मी घरात बसून तिची सही स्वतःच ठोकून दिली. अक्षर वेडंवाकडं यावं म्हणून डाव्या हातानं केली, आणि वही बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवली. वर स्वतःच्या अकलेवर खूश झाले, बोला!

दुसऱ्या दिवशी शनिवार, सकाळची शाळा. गाईड डावा हात मिळवतात. तो काळजाजवळचा, विश्वासाचा. बाई रोज रांगेतल्या प्रत्येकीचा डावा हात हातात घेत. त्या दिवशी माझा घेतला आणि सोडलाच नाही. तळव्याची कड निळी होती. डावा हात लिहिताना ओल्या शाईवरून घासत जातो, हे मला मेलीला कुठं ठाऊक! राखेनं धुतला होता, तरी डाग उरलाच.

"या हाताले शाई कशाची वं?"

"पेन गळला, बाई."

"डाव्या हातावर?"

बाई ओरडल्या नाहीत, तेच वाईट झालं. शाळा सुटल्यावर माझं लॉगबुक काखेत मारून त्या तलावाच्या पाळीनं निघाल्या, आणि मी मागे. आता शहापूरच, असं मनात घोकत होते.

सकूमावशी झोपडीपुढे जाळं सांधत बसली होती. बाईंनी पान उघडून तिच्यापुढे धरलं. "सकूबाई, हे सई तुमची काय?"

मावशीनं पानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझा चेहराच सगळं सांगत असणार. "हो बाई," ती म्हणाली, "माहीच आहे."

"मंग आणखी एक करा." बाईंनी पेन पुढे केला.

मावशीनं तो हातात धरला आणि तसाच धरून राहिली. शेवटी म्हणाली, "जाऊ द्या ना बाई, लेकरू आहे. एका सईनं काय तलाव आटून राहिला?"

बाईंनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं आणि माझ्याकडे वळल्या. "साडेअकरा झाले. फॉर्मची आज शेवटची तारीख. चारच्या गाडीनं मी भंडाऱ्याले जाणार आहो. शिकव."

आणि त्या चिंचेखाली जाऊन बसल्या, शिट्टी मुठीत धरून. मदत म्हणून एक अक्षर बोलल्या नाहीत.

ते चार तास मी जन्मात विसरणार नाही. मावशीच्या हाताला पेन टिकेना. "माहे हात जाळ्याचे, पोरी. हा पेन मासोळीसारखा सुटून राहिला." 'स' एकदा उलटा, एकदा आडवा. एक वाजला, दीड वाजला. मी चिडले, तिच्यावर खेकसले, मग रडले. मावशी बिचारी माझेच डोळे पुसायला लागली. रडता रडता माझं लक्ष तिच्या हातांकडे गेलं. ती बोलायची माझ्याशी आणि बोटं न बघता जाळ्याला गाठ मारायची. एक गाठ दुसरीहून वेगळी नाही! मी तिच्याच सुतळीचा तुकडा घेतला, मातीवर त्याचा 'स' मांडला आणि म्हटलं, "मावशी, लिहू नको. गाठ मारते तशी बोटं फिरव यावरून." तिनं फिरवली. दहा वेळा, वीस वेळा. मग पेन दिला. तीनपर्यंत 'सकू' जमलं. 'बाई'नं आणखी अर्धा तास खाल्ला. साडेतीनला मी तिचा हात सोडला आणि तिनं पूर्ण नाव लिहिलं, 'सकूबाई'. मग ती थांबेचना. पानभर लिहिलं, आणि नातवाला ओरडून बोलावलं, "अरे पाह्य, हे मी हाओ!"

मला वाटलं, सुटले. बाईंनी पिशवीतून लाल पेन काढला. खोट्या सहीखाली लिहिलं, 'ही सही खोटी आहे. खरी सही पुढच्या पानावर.' आणि खाली स्वतःची सही केली.

माझा तोल गेला. "असंच करायचं होतं तर मला चार तास कशाला बसवलं?"

"सकूबाईले सई यावी म्हणून," बाई उठत म्हणाल्या. "तुह्यासाठी नाही." आणि चारच्या गाडीला गेल्या. जाताना माझा हात काही हातात घेतला नाही.

परीक्षेच्या शिबिरात तंबूत तीन परीक्षक बसले होते. ते लाल पान निघणारच होतं, निघालं. "हे काय आहे?" मी सगळं सांगितलं, शाईसकट. एकानं तिथंच वही मिटली. दुसरे म्हातारेसे होते, त्यांनी विचारलं, "ती बाई आता सही करते का?" मी म्हटलं, "रेशनच्या दुकानात करते." त्यावर त्यांचं आपसात बराच वेळ वाजलं, आणि मला बाहेर काढलं. निकाल यायला दीड महिना लागला. तेवढ्यात शहापूरची मंडळी दोनदा घरी येऊन गेली, मी दोनदा पोहे केले, आणि दोन्ही वेळा मीठ विसरले. शेवटी पत्र आलं ते बाईंच्या हातात. त्या शिवणाच्या वर्गात आल्या आणि डावा हात पुढे केला. मी तो धरून भोकाड पसरलं.

शिष्यवृत्तीवर मी भंडाऱ्यात शिकले, नागपुरात मास्तरीण झाले. पहिल्या पगाराची मनीऑर्डर कूपनवर 'पगारातून' लिहून पाठवली. परत! पोस्टकार्डावर एकच ओळ: 'पगार घेतला, शिकवलं का?' पुढल्या खेपेला मी लिहिलं, 'तिसरीतल्या सात मुलांना पाढे येत नव्हते. आता येतात.' ती घेतली. मग दरवर्षी जूनमध्ये एक मनीऑर्डर, एक कूपन. कूपन भरायचं म्हणून वर्षभर नीट वागावं लागायचं. वैताग नुसता.

एका जूनला मी घाईत होते. घरात पाहुणे, मुलीला ताप. ह्यांच्या खिशातून पैसे काढले, फॉर्म भरला, कूपन कोरंच ठेवलं. आठ दिवसांनी पोस्टमन पैसे घेऊन दारात हजर. "परत आली, ताई." मी तडकलेच. "म्हाताऱ्या झाल्या तरी बाईंचा हेका काही सुटत नाही!" पैसे मोजून घेतले आणि मग फॉर्मवरचा शेरा वाचला. 'घेणार मयत.'

बाईंनी ते कोरं कूपन पाहिलं नाही, याचं मला आधी बरं वाटलं. ते बरं वाटलेलं लक्षात आलं आणि मी दारातच खाली बसले. रडताना हात डोळ्यांशी गेला तो डावाच.

ते पैसे मी ह्यांना परत दिले. दिवाळीच्या सुट्टीत शिवणाचं मशीन काढलं आणि अड्याळच्या शाळेत आता गाईड बघणाऱ्या नव्या बाईंच्या नावे मनीऑर्डर केली. खिडकीपाशी उभी राहून कूपनवर लिहिलं, 'अकरा ब्लाउज शिवले. काज-बटण हातानं केलं.' खिडकीत द्यायच्या आधी पुन्हा वाचलं. मग 'अकरा' खोडून 'दहा' केलं, कारण अकराव्याची काजं करणं अजून बाकी होतं.