शेजारच्या प्लॉटचा रिपोर्ट

वैशंपायन साहेब काल गेले आणि आज सकाळी आमच्या अंबरनाथच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "म्हणजे ती बिल्डिंग खचवणारे इंजिनियर ना?"

नाही. ते नव्हेत.

मी रिटायर्ड बाई. गुडघे दुखतात, भांडायची हौस केव्हाच फिटली. पण एवढं लिहिते आणि फोन बाजूला ठेवते.

ऐंशीच्या दशकात साहेबांचं उल्हासनगरला माती तपासायचं ऑफिस होतं. खाली फर्निचरचं दुकान, वर आम्ही.

बांधकामाआधी प्लॉटवर बोअर घ्यायचे, खालची माती, मुरूम, कातळ तपासायचा आणि पाया कसा, किती खोल, ते लिहून द्यायचं. साहेब मराठीत सांगायचे. मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे त्याचं इंग्लिश करून टाइप करणं माझ्याकडे.

रिपोर्टच्या शेवटच्या पानाबाबत ते कधीच तडजोड करत नसत.

त्यावर लिहिलेलं असायचं: हा रिपोर्ट याच प्लॉटचा, याच इमारतीसाठी. बोअर घेतले तिथलं आम्ही पाहिलंय. दोन बोअरच्या मधलं लिहिलंय तो आमचा अंदाज. भरणी केलीत, नाला वळवलात, मजले चढवलेत, तर पुन्हा विचारा.

बिल्डर मंडळी त्याला 'हात वर करायचं पान' म्हणत.

एक सिंधी शेठ तर दर वेळी वैतागायचे. "साईं, इतना मोटा रिपोर्ट, और लास्ट में बोलते हो हमको मालूम नहीं?"

"शेठ, जितना देखा उतना मालूम है."

शेठ कुरकुरत पान वाचायचे. पण वाचायचे. अंबरनाथला त्यांनी साहेबांच्या रिपोर्टप्रमाणे बिल्डिंग बांधली. तिला आजही तडा नाही.

गडबड झाली ती शेजारच्या प्लॉटवर.

तिथे एक सोसायटी उभी राहत होती. एमआयडीसीतले कामगार, दोन-चार मास्तर, बँकेतले क्लार्क. सगळी सरळ माणसं. बिल्डर नको, आपलं आपण बांधू, असं ठरवलेलं.

आणि या सरळ माणसांनी शेठच्या रिपोर्टची झेरॉक्स काढली.

आपल्याकडे तेव्हा ही रीतच होती. शेजारणीकडून विरजण आणावं तसा शेजारच्या प्लॉटचा रिपोर्ट आणायचा. वरचं पान बदलायचं. शेवटचं काढून टाकायचं, कारण त्यात आकडे नसतात, नुसतं इंग्लिश असतं.

शेठच्या प्लॉटखाली कातळ होता. यांच्या प्लॉटमधून पूर्वी भातशेतीचा ओहोळ जायचा. विकण्याआधी मालकाने त्यात राडारोडा आणि कारखान्यांतली राख भरून सपाट केलं होतं. वरून बघाल तर क्रिकेटचं मैदान.

राहायला गेल्यानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात एक कोपरा खचला. जिन्याला तडे गेले. दारं लागेनात.

आणि सगळ्यांना त्या झेरॉक्सवरची साहेबांची सही आठवली.

सोसायटीने शाळेच्या हॉलमध्ये मीटिंग बोलावली, साहेबांनाही बोलावलं. "जाऊ नका," आम्ही सगळे म्हणालो. ते गेले. मग मीही गेले.

"तुमच्या भरवशावर घरं बांधली आम्ही!" मागून कुणीतरी ओरडलं.

साहेब म्हणाले, "तुमच्या प्लॉटवर मी आजवर पायसुद्धा ठेवलेला नाही."

"अहो, मध्ये फक्त एक कंपाउंड वॉल आहे!" हे सोसायटीचे सेक्रेटरी.

माझ्याच्याने राहवेना. उभी राहिले आणि विचारलं, "का हो, शेजाऱ्याच्या लघवीच्या रिपोर्टवर तुम्ही स्वतःचं ऑपरेशन करून घ्याल का?"

मग बायकांच्या बाजूला कुणीतरी फिसकन हसलं.

साहेब लालबुंद. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "गुप्तेबाई, असं बोलू नये. घाबरलेली माणसं आहेत ती."

आणि पुढच्याच आठवड्यात स्वतःहून त्या प्लॉटवर मशीन घेऊन गेले.

मी भांडले त्यांच्याशी. "साहेब, तुम्ही गेलात की म्हणतील, चूक कबूल केली."

"म्हणू देत. लेकरंबाळं झोपतात तिथे."

त्यांनी बोअर घेतले, राख कुठवर आहे ते शोधलं, पाया कसा बळकट करायचा ते सांगितलं. तसं काम झाल्यावर ती बिल्डिंग तसूभरही खचली नाही.

आणि लोक काय म्हणाले? चूक नव्हती तर आला कशाला?

गावात तेच पसरलं. आर्किटेक्ट दुसरीकडे जायला लागले. ऑफिस आटत गेलं. साहेबांनी एकदाही कुठे खुलासा केला नाही, याचा मला आजही राग येतो.

नव्वदच्या दशकात मी बदलापूरला फ्लॅट बुक करणार होते. साहेबांना विचारलं, "बिल्डिंग चांगली आहे ना?"

"मला माहीत नाही."

"साहेब, इतकी वर्षं तुमची पानं टाइप केली. मला एक शब्द सांगता येत नाही? नुसतं 'घ्या' म्हणा."

"परक्याला कदाचित म्हटलंही असतं. तुम्हाला नाही म्हणणार. मी तिथे खणलेलं नाही."

मी दोन दिवस बोलले नाही त्यांच्याशी. मग बिल्डरकडे रिपोर्ट मागितला. त्याने दाखवला. झेरॉक्स होती, आणि शेवटचं पान नव्हतं.

मी तो फ्लॅट घेतला नाही.

आज स्मशानात आम्ही मोजकीच माणसं होतो. शेठचा मुलगा आला होता. त्या सोसायटीतून कुणीही नाही.

तिथे आता नातवंडं जिन्यावरून धावत असतील. धावोत. साहेबांना तेच हवं होतं. पण ज्यांनी झेरॉक्स काढली, त्यांतले काही अजून आहेत आणि हे वाचतील. निदान आता तरी घरातल्यांना खरं काय ते सांगा.

वैशंपायन साहेब, तुमच्यासाठी भांडले, तुम्हाला आवडलं नसतं. माफ करा.

या बाईचा शेवटचा नमस्कार.