तिनं हाक का मारली नाही?

मॅडमच्या तोंडी लागायचं नाही, हे कॉलेजच्या शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे शिकले होते. शिकली नव्हती ती एकटी त्यांची सून. तीही त्याच इंग्रजी विभागात, त्याच स्टाफरूममध्ये, समोरच्याच टेबलावर. आधी मॅडमनीच मुलाखत घेऊन तिला नोकरीला लावलं आणि मग वर्षभरात त्यांच्या मुलानं तिच्याशी लग्न केलं. पहिल्या निवडीचं श्रेय मॅडम चारचौघांत घेत. दुसरीच्या वेळी त्यांना कुणी विचारलं नव्हतं, आणि हे त्या कुणाला विसरू देत नसत.

कॉलेजात दोघी एकमेकींना ‘अहो मॅडम’ करायच्या. घरी आल्या की ‘आई’ आणि ‘अगं’. खवटपणा मात्र दोन्हीकडे सारखाच. सकाळी एकाच बसनं जायच्या, पण एक पुढच्या दारानं चढायची आणि एक मागच्या. कंडक्टरला वाटायचं, या बायका एकमेकींना ओळखतसुद्धा नसाव्यात.

भांडणाचं कारण विचाराल तर हसाल. भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून नाही, दागिन्यांवरून नाही, मुलगा नक्की कुणाचा यावरूनही नाही. म्हणजे मुळात होतं तेच, पण दोघी शिकलेल्या पडल्या! त्या भांडायच्या एका अमेरिकन कादंबरीवरून.

जुनी, नावाजलेली कादंबरी. टेकडीवर सफरचंदांची बाग, तिथं एक विधवा आणि तिचा मुलगा. नवरा नदीत बुडालेला, पण ती रोज जेवणाच्या टेबलावर त्याचंही ताट मांडते. मुलगा शहरातून बायको करून आणतो, घरातल्या दोघींचं पटत नाही, आणि एक दिवस मुलगा-सून घोडागाडीत सामान भरून कायमचे निघून जातात. विधवा दारात ताठ उभी राहून गाडी फाटकाबाहेर पडताना बघते. हाक मारत नाही. आत येऊन टेबलावर तीन रिकामी ताटं मांडते, आणि पुस्तक संपतं.

तीसेक वर्षं मॅडम हे शिकवत होत्या. रिकामं ताट म्हणजे निष्ठा, बाग म्हणजे संसार, नदी म्हणजे नियती. एकेका प्रतीकाला त्या फळ्यावर अशी खडूनं चौकट घालायच्या की पुन्हा कुणी हात लावायला नको. शेवट आला की आवाज खाली आणायच्या. ‘ती हाक मारत नाही. कारण हाक मारल्यावर जी थांबतात, ती माणसं आपली नसतातच. याला म्हणतात कॅरेक्टर!’ परीक्षेत दरवर्षी प्रश्न ठरलेला, तिनं हाक का मारली नाही? दहा मार्क. एखाद्यानं ‘ती गर्विष्ठ होती’ असं लिहिलं की समासात लाल पेनानं शेरा पडायचा, ‘पान क्रमांक?’ म्हणणं पानावर दाखवा, नाहीतर मुकाट बसा, असा मॅडमचा खाक्या. पोरांनी त्यांचं नावच ‘पान क्रमांक’ ठेवलं होतं.

सुनेला ते ताट पहिल्यापासून खुपायचं.

‘‘आई, ते ताट निष्ठेचं नाही हो. धाकाचं आहे,’’ ती ओट्याशी उभी राहून म्हणायची. ‘‘मेलेल्याला मानाची खुर्ची, आणि जिवंत सून बसते चुलीपाशी स्टुलावर.’’

‘‘स्टूल कुठून आणलंस? पान क्रमांक?’’

स्टूल पुस्तकात नव्हतंच. मग सून जोरजोरात भांडी आपटायची.

‘‘हे तू मला बोलतेयस. कळतं मला.’’

‘‘मी पुस्तकाबद्दल बोलतेय. तुम्हाला लागलं तर मी काय करू?’’

मुलगा विमा कंपनीत होता आणि स्वभावानं गरीब. या दोघींची जुंपली की त्याला हटकून गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालायची आठवण यायची. घरातली सगळी झाडं अशीच कुजून गेली होती.

मॅडम रिटायर व्हायला महिना उरला आणि नेमकी त्याची बदली आली. दूरच्या शहरात, बढतीवर. एका रविवारी सून बाहेर गेलेली बघून तो आईसमोर येऊन उभा राहिला.

‘‘आई, बदली टाळता येईल. साहेब म्हणालेत, घरी आईला गरज आहे असं सांगितलंस तर बघतो. तू एकदा फक्त म्हण, राहा. आम्ही राहू. तिलाही विचारलंय मी. ती म्हणाली, त्या म्हणाल्या तर राहीन.’’

मॅडमना म्हणायचं होतं हो! अगदी पोटातून म्हणायचं होतं. नोकरी संपल्यावर या तीन खोल्यांत आपण काय भिंतींना शिकवणार आहोत, या विचारानं त्यांना हल्ली धडकी भरायची. शिवाय खरं सांगायचं तर, सून माहेरी गेली की त्यांना करमत नसे, कारण भांडायला तिच्या तोडीचं घरात दुसरं कोण होतं? पण ‘ती म्हणाली, त्या म्हणाल्या तर’ हे शब्द कानात गेले आणि मॅडमचा ताठा जागा झाला. म्हणजे मी पदर पसरायचा आणि ही उपकार करणार!

‘‘मी कुणाला राहा म्हणत नसते,’’ त्या म्हणाल्या. ‘‘ज्यांना राहायचंय त्यांनी राहावं.’’

‘‘म्हणजे नको?’’

‘‘मी तसं म्हटलं का?’’

तो गॅलरीत गेला.

निरोपाचा समारंभ म्हणून विभागानं त्याच कादंबरीवर चर्चा ठेवली. हॉल भरला. मॅडम खणखणीत बोलल्या, ताट, बाग, नदी, आणि शेवटी ती न मारलेली हाक. टाळ्या पडल्या. मग सून उठली. हातात एक जाडजूड, पाठ उसवलेलं पुस्तक होतं. जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळालेलं.

‘‘मॅडम, आपण शिकवतो ती आवृत्ती विद्यार्थ्यांसाठी संपादित केलेली आहे.’’

‘‘ठाऊक आहे. वरच छापलंय तसं,’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘निसर्गाची वर्णनं गाळलीयत. तुमच्यासारख्यांना कंटाळा येऊ नये म्हणून.’’

पोरं हसली. सून हसली नाही.

‘‘वर्णनं नाहीत फक्त. शेवटाच्या आधीचं एक अख्खं प्रकरण गाळलंय. त्यात ती हाक मारते.’’

‘‘पान क्रमांक?’’ मॅडमच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

‘‘चारशे सात,’’ सून म्हणाली, आणि वाचायला लागली.

गाडी फाटकाबाहेर पडते. विधवा दारात उभी असते, आणि एकाएकी धावत सुटते. बागेतून, चिखलातून, एक बूट निघून पडतो तरी थांबत नाही. ‘थांबा, अरे थांबा,’ म्हणून ओरडत नदीच्या वळणापर्यंत जाते. चाकांच्या खडखडाटात मुलाला काही ऐकू जात नाही. सून मात्र मागे वळून बघते. तिला सगळं दिसतं, सगळं ऐकू येतं. ती पुन्हा समोर तोंड करून बसते आणि नवऱ्याला काही सांगत नाही.

मॅडमच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. तीस वर्षं! किती पोरांचे मार्क कापले आपण, आणि तेही न वाचलेल्या पुस्तकावरून! पण हार मानतील तर त्या मॅडम कसल्या?

‘‘वाचा, शेवटची ओळ परत वाचा,’’ त्या कडाडल्या. ‘‘सुनेला ऐकू आलं! आणि ती मूग गिळून बसली! कळलं का आता कोण कशी आहे ते?’’

‘‘हो, बसली. चुकलंच तिचं,’’ सून म्हणाली. ‘‘पण इतकी वर्षं घरात एक शब्द धड बोलायचं नाही आणि गाडी सुटल्यावर मागून ओरडायचं, याला काय म्हणायचं, मॅडम? कॅरेक्टर?’’

‘‘अगं, घरात दाखवता आलं नसतं का तुला हे पुस्तक?’’ मॅडम ‘अहो’ विसरल्या होत्या. ‘‘माझ्या शेवटच्या दिवशी, भरल्या सभेत माझा पाणउतारा करायचा होता ना तुला?’’

‘‘घरात तुम्ही ऐकता कधी, आई?’’

प्राचार्यांनी घाईघाईनं चहा सांगितला.

दुसऱ्या दिवशी मुलानं बदली घेतल्याचं ऑफिसात कळवून टाकलं आणि सुनेनं कॉलेजात राजीनामा दिला. जाड पुस्तक सून घरी मॅडमच्या टेबलावर ठेवून गेली होती. मॅडमनी ते प्रकरण दुपारी वाचलं, संध्याकाळी वाचलं, आणि रात्री जेवताना जाहीर केलं, ‘‘लिहिणाऱ्याचा तोल गेलाय तिथं. संपादकानं कापलं ते बरंच केलं.’’ मुलानं पाण्याचा ग्लास उचलला. सामान बांधेपर्यंत घरात कुणी कादंबरीचं नाव काढलं नाही, आणि ‘राहा’ हा शब्दही कुणी काढला नाही.

टेम्पो सकाळी आला. हमालांनी कपाट, गादी, खोकी खाली नेली. मुलगा पाया पडला, सून पाया पडली, मॅडमनी दोघांच्या डोक्यावर हात ठेवला आणि ‘पोचल्यावर फोन करा’ एवढंच म्हणाल्या. दोघं जिना उतरले. मॅडम मधल्या खोलीत उभ्या राहिल्या. कपाट होतं तिथली भिंत चौकोनी पांढरी दिसत होती. खालून इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला.

त्या तशाच अनवाणी जिना उतरल्या. तीन मजले, गुडघे दुखत असताना. फाटकाशी पोचल्या तेव्हा टेम्पो रस्त्याला लागला होता.

‘‘अरे थांबा!’’ त्या ओरडल्या. उभ्या जन्मात त्या रस्त्यावर ओरडल्या नव्हत्या. ‘‘थांबा रे!’’

मुलगा ड्रायव्हरला रस्ता सांगत होता. त्याला काही ऐकू आलं नाही. सुनेनं मागे वळून बघितलं. मग तिनं ड्रायव्हरचा खांदा धरून हलवला, टेम्पो थांबवला, आणि दार उघडून खाली उतरली. ती चालत मॅडमच्या समोर येऊन उभी राहिली. तिचे डोळे भरले होते.

‘‘बोला, आई,’’ ती म्हणाली.

मॅडमना धाप लागली होती. सून वाट बघत होती, घाई न करता. अख्खी गल्ली बघत होती. शब्द ओठांवर आला होता, एकच तर शब्द होता. मॅडमनी तोंड उघडलं.

‘‘मोठा कुकर माझा आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तो तुमच्या खोक्यात गेलाय.’’

सून टेम्पोकडे गेली, हमालाकडून खोका उतरवून घेतला, दोरी सोडली, कुकर काढला आणि आणून मॅडमच्या हातात दिला.

‘‘अजून काही?’’

‘‘नाही,’’ मॅडम म्हणाल्या.