भातवडी, पालखेड आणि आमची सेमीफायनल

आमच्या क्लबात किस्से जमवावे लागत नाहीत. वडीलधारी मंडळी रोज संध्याकाळी नवा माल आणून टाकतात. आपण फक्त उचलायचा. मी तर दोन वर्षं समोर मोबाईल धरून उभा आहे, त्यामुळं माझ्याकडं सगळं व्हिडिओसकट आहे. कुणी नाय म्हणालं तर दाखवतो.

क्लब गारखेड्यातला, फुटबॉलचा. प्रत्येक मॅचच्या आदल्या संध्याकाळी आमच्या पेजवर पाच मिनिटांचा व्हिडिओ जातो, 'उद्याची लढाई'. त्यात कदम सर बोलतात. सर इतिहासाचे रिटायर्ड मास्तर. उद्याची मॅच कोणत्या जुन्या लढाईसारखी होणार, ते सांगतात. सरांनी आयुष्यात बॉलला पाय लावलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो.

व्हिडिओ मी काढतो. इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडलं, म्हणून घरी मी रिकामटेकडा आणि क्लबात कामाचा. खेळतो स्टॉपरला, म्हणजे गोलकीपरच्या पुढची शेवटची भिंत.

गोलकीपर सिद्धार्थ. दिवसभर कुरिअर टाकत फिरतो, पण सकाळी सहाला ग्राउंडवर हजर. वयाच्या हिशोबानं त्याचं हे शेवटचं वर्ष. जिल्ह्याच्या संघात नाव लागलं तर पुढं राज्य स्पर्धा, आणि तिथून नोकरभरतीच्या खेळाडू कोट्याची वाट. निवड समिती फक्त सेमीफायनलपासून पुढच्या मॅचेस बघायला येते. म्हणजे आम्हाला काहीही करून सेमीफायनल गाठायची होती. हे सगळ्यांना माहीत होतं. सरांनाही!

* * *

पहिल्या मॅचच्या आधी सरांनी खोलीतल्या टेबलावर रणांगण मांडलं. आमची फौज खडे, शत्रूची फौज शेंगदाणे. अर्धा तास व्यूह चालू होता. आमचा स्ट्रायकर इम्रान टेबलाला टेकून मन लावून ऐकत होता. त्याला इतकं मन लावून ऐकताना मी आधी कधी बघितलं नव्हतं.

सरांनी बोट उचललं. "आता शत्रूची डावी फळी..." आणि थांबले. "डावी फळी कुठं गेली?"

इम्राननं हात झटकले. "सर, वो तो मैं कबका खा गया."

दुसऱ्या दिवशी आम्ही चार-शून्यनं जिंकलो. चारही गोल त्यांच्या डाव्या बाजूनं! सर आजही सांगतात, व्यूह त्यांचा होता.

* * *

सर सिद्धार्थला लाडानं 'किल्लेदार' म्हणायचे. एकदा कॅमेरा चालू असतानाच त्यानं विचारलं, "सर, किल्लेदार कोण असायचा?"

"मोठी घराणी असायची. सरदार, वतनदार."

"अन् रात्री दरवाज्यावर उभं कोण राहायचं?"

सर जरा अडखळले. "ते... बाकीचे लोक असायचे."

"मग मला दरवाज्यावरचा म्हणा. आमची माणसं तिथं उभी होती. काम बी तेच करतोय मी."

सर मला म्हणाले, "आकाश, एवढं कापून टाक."

मी कापलं नाही. लई लाइक आले. सर चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तेवढे चार दिवस क्लबात शांतता होती.

* * *

दुसरी मॅच देवगाव रंगारीला. सरांनी पालखेड काढलं. पेशव्यानं जड तोफा घेतल्या नाहीत, सामानसुमान घेतलं नाही, सोबत बाजारबुणगे नाहीत. नुसती सडी फौज. निजामाची दमछाक केली! "वेग, पोरांनो, वेग! ओझं टाका!"

हे ऐकत होते आमचे अध्यक्ष तात्या. तात्यांचा प्लॉटिंगचा धंदा आहे. ऐकलेली गोष्ट ताबडतोब अमलात आणायची त्यांना सवय आहे, विचार त्यानंतर करतात. सकाळी टेम्पो सुटला. देवगावला उतरून बघतो तर किटची मोठी बॅग नाही. बूट नाहीत, शिनगार्ड नाहीत, सिद्धार्थचे ग्लोव्हज नाहीत.

"तात्या, बॅग?"

"ओझं टाका म्हणले ना सर!"

गावातल्या पोरांनी आपले जुने बूट दिले, कुणाला मोठे, कुणाला लहान. ग्लोव्हज काही मिळाले नाहीत. एका आजोबांनी सिद्धार्थला फवारणीचे रबरी हातमोजे आणून दिले. त्यानं ते घालून नव्वद मिनिटं काढली. मॅच शून्य-शून्य. दोन्ही हातांच्या बोटांची सालं निघाली होती.

परत येताना टेम्पोत सर म्हणाले, "पाहिलंत? सड्या फौजेला कुणी हरवू शकत नाही."

सिद्धार्थ खिडकीबाहेर बघत म्हणाला, "सर, पेशव्यानं निदान जोडे तरी घातले असतील."

* * *

तिसरी मॅच घरच्या ग्राउंडवर. समोरचा संघ पळण्यात तयार. सरांनी भातवडी काढली. आपलं हे शहर ज्या वजिरानं वसवलं, त्यानंच भातवडीला तलावाचा बांध फोडला, शत्रूच्या छावणीत चिखल केला आणि घोडी रुतवली. "जमीन आपल्या बाजूनं लढली पाहिजे!"

तात्यांनी मान हलवली. त्यांनी मान हलवली की मी मोबाईल चार्जिंगला लावतो.

सकाळी ग्राउंडवर टँकर उभा! तात्या पाईप धरून समोरच्या गोलपोस्टपुढची जमीन भिजवतायत, सर शेजारी उभे राहून "अजून थोडं, कोपऱ्यात अजून थोडं" करतायत. आमच्या कॉलनीत नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही. टँकरचा आवाज कुणापासून लपतोय? पाच मिनिटांत हंडे, बादल्या, ड्रम घेऊन बायका हजर.

माझी सख्खी मावशी पुढं. "तात्या, मातीला अंघोळ घालताय व्हय? हिकडं लेकरं पारोशी शाळंत चाललीत!"

"अहो ताई, ही युद्धनीती आहे..."

"नीती गेली खड्ड्यात, पाईप आणा हिकडं!"

तात्यांनी मुकाट पाईप दिला. तरी एका बाजूला घोट्याएवढा चिखल झालाच होता. मॅच सुरू झाली, समोरचे धपाधप पडायला लागले, आम्ही दोन गोल मारले. सर बाहेर हात उंचावून नाचत होते.

हाफटाइम झाला, मी मोबाईल हातात घेतला. सिद्धार्थ ग्लोव्हज घट्ट करत चिखलाकडं निघाला.

सर ओरडले, "अरे, तिकडं कुठं? ती शत्रूची बाजू आहे!"

"सर," सिद्धार्थ म्हणाला, "हाफटाइमला साइड बदलतात."

चाळीस वर्षं पोरांना शिकवलेला माणूस! चेहरा असा झाला की मी मोबाईल खाली घेतला. तेवढा एक व्हिडिओ माझ्याकडं नाही. दोन-दोन झाली मॅच. सिद्धार्थच्या कानातून रात्रीपर्यंत चिखल निघत होता. आता शेवटची मॅच जिंकली तरच सेमीफायनल, नाहीतर सिद्धार्थचं वर्ष खलास.

* * *

त्या मॅचच्या आधी पानिपत निघणारच होतं. "सेनापती हत्तीवर दिसेनासा झाला आणि फौज फुटली. सेनापती कायम दिसला पाहिजे!"

सेनापती म्हणजे आपणच, असं तात्यांनी स्वतःच ठरवलं. मॅचला त्यांनी साइडलाइनला प्लॅस्टिकची खुर्ची मांडली आणि फेटा बांधून तिच्यावर उभे राहिले. एक तास उभे! बॉल बाहेर गेला तेव्हा मी म्हणालो, "तात्या, उतरा, पाय दुखतील." तर म्हणतात, "तू कॉलेजातून उतरलास, तेवढं पुरे."

ऐंशी मिनिटं झाली, शून्य-शून्य. सिद्धार्थनं दोन बॉल असे काढले होते की समोरच्या पोरांनीच टाळ्या वाजवल्या. पण ते बघायला निवड समिती नव्हती, आणि आमच्याकडून गोल होत नव्हता.

तेवढ्यात फटाक्यासारखा आवाज झाला. खुर्चीचे चारही पाय चार दिशांना! तात्या आडवे, फेटा त्यांच्यापासून दहा फुटांवर. समोरचा अख्खा डिफेन्स तिकडं बघायला वळला. इम्रान वळला नाही. त्यानं बॉल घेतला आणि सरळ जाळ्यात घातला.

सेमीफायनल!

दुसऱ्या दिवशी सरांनी कॅमेऱ्यासमोर गंभीरपणे सांगितलं, "पानिपतावर हेच झालं होतं. फक्त उलटं."

* * *

सेमीफायनलला सरांनी देवगिरी ठेवला होता राखून. खंदक, अंधारी वाट, हत्ती अडवायला खिळे ठोकलेले दरवाजे. यादवांचा किल्ला पडला, का? तर वेढ्यात कोठीतली पोती उघडली आणि धान्याऐवजी मीठ निघालं.

इम्राननं विचारलं, "पोती किसी ने चेक नहीं की क्या?"

मी म्हणालो, "कोठीवर कुणीतरी वयस्कर माणूस असेल."

सरांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. "उद्या आपण देवगिरी. पाखरू आत जाता कामा नये. गोलपर्यंत शत्रू पोचलाच नाही पाहिजे! आकाश, तू महादरवाजा. कळलं?"

कळलं. आणि खेळलोही तसंच. आयुष्यात एवढं चांगलं मी कधी खेळलो नाही. हाफटाइमला तीन-शून्य. समोरच्यांचा एकही बॉल सिद्धार्थपर्यंत गेला नाही.

निवड समितीची दोन माणसं पत्र्याच्या शेडखाली बसली होती. एकानं इम्रानचं नाव लिहून घेतलं. दुसरा सरांना म्हणाला, "तुमची बॅकलाइन लई भारी आहे हो. गोलकीपर ठेवलाय का नाही?" आणि स्वतःच हसला.

सरही हसले! "देवगिरी आहे साहेब, देवगिरी!"

मी पाणी पीत शेजारीच उभा होतो. वळून बघितलं तर सिद्धार्थ पोस्टला टेकून उभा. पांढरेशुभ्र ग्लोव्हज. एक डाग नाही. शेडकडं बघत होता. त्याचा सगळा हंगाम त्या शेडखाली पाय पसरून चहा पीत बसला होता.

सेकंड हाफची वीस मिनिटं तशीच गेली. मग त्यांचा अकरा नंबर बॉल घेऊन आला, आणि माझा पाय घसरला. सिद्धार्थनं पुढं येऊन पायानं अडवलं आणि माझ्यावर खेकसला, "झोपला का बे?"

दहा मिनिटांनी एक लांब बॉल माझ्या डोक्यावरून गेला. उडी मारली असती तर मिळाला असता. सिद्धार्थनं डावीकडं आडवा होऊन बोटांच्या टोकानं बाहेर काढला. शेडखालच्या माणसानं चहाचा कप खाली ठेवला.

"आकाश! दरवाजा! दरवाजा लाव!" सरांचा आवाज फाटला होता.

तिसऱ्यांदा दरवाजा उघडा राहिला आणि त्यांचा गोल झाला. चौथ्यांदा अकरा नंबर एकटाच आत घुसला आणि सिद्धार्थनं त्याच्या पायातून बॉल काढून घेतला. शेवटच्या मिनिटाला सिद्धार्थ माझ्या कानाशी काहीतरी बोलला, आणि पुन्हा अकरा नंबर एकटाच आत आला. त्यानं सहा फुटांवरून मारलेला बॉल सिद्धार्थनं छातीवर घेतला. शिट्टी वाजली. तीन-एक. शेडखालची दोन्ही माणसं उभी होती.

सरांनी दुसऱ्या दिवशी मीटिंग लावली. विषय एकच, मला क्लबातून काढायचं. जिल्ह्याच्या संघाची यादी फायनलची वाट न बघता दुपारीच लागली होती आणि सिद्धार्थचं नाव तिच्यात होतं. पण तात्यांनी चहा सांगून ठेवला होता, म्हणून मीटिंग झालीच.

सर उभे राहिले. हातात कागद. "या मातीतले किल्ले तोफांनी पडले नाहीत, फितुरीनं पडले! मी मोजलंय. आकाश, तू काल चार वेळा दरवाजा उघडलास. चार वेळा!"

सिद्धार्थ दाराशी उभा होता, अंगात कुरिअरचा शर्ट, खांद्याला बॅग.

"पाच, सर," तो म्हणाला. "शेवटचा मी उघडायला लावला."