मिरचीचा दाट वाफा

शिवाच्या हातची मिरचीची रोपं म्हणजे मिरजोळ्यात बोलायचं कामच नव्हतं. भातकापणी उरकली की अर्धी वाडी त्याच्या दारात. करवंटीत राख घ्यायची, तीत बी कालवायचं आणि चिमटीनं असं सोडायचं की उगवल्यावर एका रोपाचा कोपर दुसऱ्याला लागता कामा नये. उमेदीची वर्षं मिरकरवाडा बंदरावर बर्फाच्या लाद्या ओढण्यात गेली, पण म्हाताऱ्याचा खरा तोरा ह्या वाफ्याचा. बियांच्या डब्याला बायकोलाही हात लावू द्यायचा नाही. दुसऱ्या कुणाचा वाफा दाट दिसला, तर चारचौघांत त्याची खरडपट्टी काढायचा.

यंदा त्याचाच वाफा गच्च उगवला.

लेकीच्या बाळंतपणाला अलोऱ्याला गेलेली त्याची बायको हौसा महिन्यानं घरी परतली आणि वाफ्यापाशी बसली ती बसलीच. काही रोपं सहा पानांची, काही दोन पानांची, काही तर बियाचं टरफल डोक्यावर घेऊन आत्ता कुठे वर येत होती. पेरलेलं विसरून नवऱ्यानं पुन्हा पेरलं होतं, आणि तेही विसरून पुन्हा. चहा घेतल्याचं तो विसरायचा, शेजाऱ्यांची नावं चुकायचा. ते सगळं तिनं वयावर ढकलून हसण्यावारी नेलं होतं. आता तिला हसू येईना. हे आपल्या हातून झालंय असं त्याला कळलं, तर माणूस खचेल.

तो यायच्या आत विरळणी उरकावी म्हणून ती भराभर रोपं उपटायला लागली. पण तो आलाच. सोबत शेजारची राही, टोपली घेऊन.

"हा वाफा कोनी पेरलान?"

"तात्या, तुमीच तर..." राही बोलायला लागली. हौसानं अशी नजर टाकली की तिचं तोंड तिथेच मिटलं.

"मी पेरला," हौसा म्हणाली. "राख घालायची इसरले."

मग काय, त्यानं राहीच्या देखत तिला धुऊन काढलं. जन्म गेला माझ्याबरोबर, एवढंही शिकली नाहीस, म्हणाला. हौसा मान खाली घालून ऐकत राहिली. दमल्यावर तो मातीत बसला, वाफ्यावर पाणी शिंपडलं, धडधाकट रोपं दोन बोटांनी मुळासकट सोडवली, किरटी उपटून बाजूला केली. हात एकदाही चुकला नाही. ते पाहून हौसाला भडभडून आलं. चुलीचा धूर डोळ्यांत गेला म्हणावं, तर इथे उघड्यावर धूर कुठला?

केळीच्या सोपाच्या दोरीनं जुड्या बांधून त्यानं राहीच्या टोपलीत ठेवल्या. "उन्हं उतरल्यावर लाव. नायतर माना टाकतील."

मग हौसाकडे वळला. राग निवला होता. "पुढच्या वर्साला तू बियाला हात लावू नको गो. मीच पेरीन."

"होय. तुमीच पेरा."

तो हातपाय धुवायला विहिरीवर गेला. हौसानं घरातून बियांचा डबा आणला आणि राहीच्या टोपलीत जुड्यांखाली सारला.

"ने हा," ती म्हणाली. "त्यांनी मागितलान, तरी देऊ नको."