ओल्या पोत्याचा वास

भिलाईत आम्हाला मिळालेलं पक्कं क्वार्टर मी बायकोला, रूथला, न विचारता दुसऱ्याला देऊन टाकलं. आज मुलाच्या अंगणात माळ्याने कुंड्यांवर ओलं पोतं टाकलं आणि त्या वासासरशी मी पुन्हा आमच्या पत्र्याच्या खोलीत जाऊन उभा राहिलो.

कारखाना नुकता उभा राहत होता, मे महिना होता. रविवारी चर्चमध्ये पाळकांनी स्वतःला नाकारण्यावर उपदेश केला. मी असा पेटलो की दुसऱ्याच दिवशी साहेबांना सांगून क्वार्टर शेजारच्या फिटरच्या नावावर करून दिलं. त्याच्या बायकोचे दिवस भरत आले होते. आता चर्चमध्ये माझं नाव निघणार, या गुंगीत घरी आलो.

रूथने दारावर ओलं पोतं टांगलं होतं, तरी आत भट्टीच होती. मांडीवरच्या तान्ह्याला ती वारा घालत होती. त्याचा ताप उतरत नव्हता आणि आता तर ते रडतही नव्हतं. मी बातमी सांगितली.

"तिले देलं, बरं केलं," पंखा न थांबवता ती म्हणाली. "पण तुमी तर दिवसभर हापिसात पंख्याखाली बसता. त्याग या लेकराच्या माथी कावून मारला?"

पोर वाचलं, हे अंगण त्याचंच. पण त्या दुपारी मला ते कुठे ठाऊक होतं? मी गुडघ्यांवर कोसळलो, "प्रभू, याच्याऐवजी मला ने," म्हणून हुंदके देऊ लागलो.

"तुमाले नेऊन तो काय करन?" रूथ म्हणाली. "उठा, नळावरून पाणी आणा."