फ्लेक्सच्या पाठीवरचे बाण

माझ्या नवऱ्याचं म्हणणं असं की, मी आधी काळजीची यादी करते आणि मग त्या यादीची काळजी करत बसते. म्हणू दे. शिरूर कासारजवळच्या ज्या खेड्यात मी शिकवते, तिथलं निम्मं गाव दिवाळीच्या आसपास ऊस तोडायला जातं आणि आई-बापांबरोबर मुलंही ट्रकमध्ये चढतात. परत येतात तेव्हा शाळेचं वर्ष संपत आलेलं असतं. मुलं मागे राहावीत म्हणून शाळेत हंगामापुरतं वसतिगृह चालवायचं असतं. त्या वर्षी ते काम माझ्या गळ्यात पडलं, असं मी सगळ्यांना सांगायचे. खरं तर मी ते मागून घेतलं होतं, एका मुलीसाठी.

ती सातवीत होती. आदल्या वर्षी उसाला जाऊन आली आणि अपूर्णांकांची बेरीज विसरून आली. तेवढं मी चालवून घेतलं असतं. पण ती मागच्या बाकावर जाऊन बसली आणि हात वर करायचीच बंद झाली. यंदा पुन्हा गेली तर ती शाळेत परत येणार नाही, याची मला खात्री होती. भाजी निवडतानाही एकदम आठवायचं आणि मी देठं ठेवून पानं टाकून द्यायचे.

एका प्रशिक्षणात आम्हाला शिकवलं होतं की, कामांची नुसती यादी करू नका, चित्र काढा. प्रत्येक कामाचा एक चौकोन. जे काम झाल्याशिवाय पुढचं सुरू होत नाही, त्याच्याकडून पुढच्याकडे बाण. सगळ्यात लांब साखळी लाल रंगात, कारण तिच्यातलं एक काम एक दिवस लांबलं तर सगळंच लांबतं. शाळेमागे वाढदिवसाच्या शुभेच्छांचा एक फ्लेक्स वाऱ्यानं येऊन पडला होता. तो मी धुतला, पुढाऱ्यांचं तोंड भिंतीकडे करून वर्गात टांगला आणि पाठीवर चौकोन काढायला घेतले.

"म्याडम, रेल्वेचा नकाशा काढला का काय?" हेडसर म्हणाले.

मला हसू आलं नाही, कारण तोवर माझे बाण गोल फिरायला लागले होते. मुलांची नावं आल्याशिवाय प्रस्ताव नाही. प्रस्तावाशिवाय धान्य नाही, धान्याशिवाय चूल नाही. आणि चुलीपाशी ओळखीचं माणूस बसणार हे कळल्याशिवाय कुठलीही आई नाव द्यायला तयार नाही. बाण जिथून निघाला तिथेच परत येत होता. दोन दिवस मी त्या फ्लेक्ससमोर उभी राहून नखं खाल्ली.

वाट निघाली ती त्या मुलीच्या आजीमुळे. जन्मभर ऊस तोडून तिचे गुडघे गेले होते. तिच्या हातात आता कोयता धरवणार नाही, तेव्हा ती गावातच राहणार, असं मी धरून चालले. तिनं भाकऱ्या करायच्या आणि मुलींजवळ झोपायचं, असं मी तिला म्हटलं. ती गुडघे चोळत "बरं" म्हणाली. ही बातमी गावात पसरली आणि आठवड्याभरात सत्तावीस नावं आली. मी तिचा चौकोन लाल साखळीच्या अगदी तोंडाशी काढला.

एकदा भांडी लावायला ती शाळेत आली, तेव्हा फ्लेक्ससमोर उभी राहिली. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मी बोट ठेवून एकेक सांगितलं. हे धान्य, ही पांघरुणं, आणि सगळ्यात शेवटी हा ट्रक.

"ह्यात मी कुठं हाय?"

मी दाखवलं.

"आन् नात?"

"ती या सत्तावीस मुलांत."

ती बघत राहिली. "आन् तान्हं?"

मुलीला पाच महिन्यांचा भाऊ होता. मी म्हटलं, "मावशी, सहा वर्षांच्या आतलं मूल घ्यायचा नियम नाही." ती डबे पुसायला गेली. मला वाटलं, तिला नियमच विचारायचा होता.

आता सगळी धास्ती ट्रकच्या चौकोनाची होती. बाकी सगळ्या चौकोनांत तारीख होती, त्यात नव्हती. कारखान्याचं बोलावणं आलं की टोळी निघणार. टोळी नेणाऱ्या मुकादमाला मी इतके फोन केले की, शेवटी तो म्हणाला, "बाई, तुमालाच यायचंय का काय टोळीत?" आणि बोलावणं आलं ते आमच्या अंदाजाच्या चार दिवस आधी. आमचं धान्य आदल्या संध्याकाळी पोचलं. मी ट्रकच्या आधीच्या शेवटच्या चौकोनावर बरोबरची खूण केली आणि किती दिवसांनी पोटभर जेवले.

सकाळी ट्रक वेशीपाशी उभा होता. वर भांडी, सरपण, पत्रे. आणि त्या सामानावर ती मुलगी बसली होती, मांडीवर भाऊ घेऊन.

तिची आई खाली बोचकं बांधत होती. मी विचारलं, "अगं, हिचं नाव आहे ना आपल्या यादीत?"

"हाय की. पर मी अन् हिचा बाप उसात शिरल्यावर ह्याला कोन बघावं, बाई? दूध तर माझं पितंय, मागं ठिवता येत न्हाई."

"मग दरवर्षी पोरांना कोण बघायचं?"

"म्हातारी. पोरं सांभाळायला यंदाबी येनार व्हती. तिला तुमी शाळंत घेतलं."

ती रागानं बोलली असती तर बरं झालं असतं. ती साधंच बोलली आणि बोचक्याची गाठ आवळली. ज्या आजीमुळे सत्तावीस मुलं थांबणार होती, तिला थांबवून मी तिच्याच नातीला ट्रकमध्ये बसवलं होतं. आणि मांडीवरचं ते बाळ मी रोज बघत होते, शाळेच्या फाटकाशी, आजीच्याच कडेवर.

कोणीतरी शाळेत सांगितलं असावं. आजी पिठाच्या हातानं आली. तिनं ट्रककडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि कमरेची धान्याच्या खोलीची किल्ली काढून माझ्या हातात दिली.

"पीठ मळून ठिवलंय, बाई. सुकंल." मग वर बघून म्हणाली, "उतर गं."

तिला वर चढवायला दोघं लागले. एक गुडघा फळीवर टेकला तेव्हा तिनं डोळे मिटले. मुलगी उतरली, तिनं भावाला वर दिलं आणि माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. मला आधी हायसं वाटलं. लिहिताना लाज वाटते, पण वाटलं होतं.

त्या दिवशीच्या भाकऱ्या मी थापल्या. वेड्यावाकड्या, कडा फाटलेल्या. मुलगी म्हणाली, "बाई, मी करते." मी तिच्यावर खेकसले, "तू वर्गात जा." भाकऱ्यांना नवी बाई मिळेपर्यंत हेडसर माझे तास घेत होते आणि मी चुलीपाशी होते. मुलं फार भली, कोणी तक्रार केली नाही. फ्लेक्सवर मी बाळाचा चौकोन काढला. त्याच्याकडून आजीकडे आणि नातीकडे, असे दोन बाण निघत होते.

रविवारी ट्रकवाल्याच्या मोबाईलवरून आजीचा फोन आला. मागे बाळ रडत होतं.

"बशिती का पुढच्या बाकड्यावर?" तिनं विचारलं.

"बसते," मी म्हटलं. "काल हात वर केला."

"बरं झालं बाई," ती म्हणाली, आणि दम खात थांबली. गुडघ्यांचं विचारावं, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी धान्य चांगलं निघालं म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला.